रक्तपेढीतली राखण

९ नोव्हेंबर १९९८
रक्तपेढीचा प्रोग्रॅम पुन्हा बंद पडला! रक्तदात्याचं नाव भरलं तर प्रोग्रॅम चालतो. रक्तगटाप्रमाणे यादी लावायला सांगितली की बंद. आज ओ निगेटिव्ह हवं होतं, पेढीचे प्रमुख डॉक्टर उभे. शेवटी शिपाई जोतीरामने जुन्या कार्डांचं कपाट उघडलं. वर मलाच — "मॅडम, ह्ये कपाट कवा पडलंय का?"

प्रोग्रॅम नीलिमाचा. आष्ट्याची मुलगी, नोकरी अजून कच्ची. शनिवारपर्यंत नीट झालं नाही तर तिला मोकळं करा, म्हणाले डॉक्टर.

१० नोव्हेंबर
यंत्रांचं बघणाऱ्या निमिषला बोलावलं. यंत्र ज्यावर चालतं ते लिनक्स त्यानेच बसवलं. म्हणे, यंत्र ठीक आहे, मुलीचं लिखाण कच्चं. त्याच्या स्वतःच्या यंत्रावरच्या साध्या लिनक्सवर तोच प्रोग्रॅम चालवायला लावला. यादी झरझर लागली! मग फरक कुठे?

११ नोव्हेंबर
सापडला. आमच्या यंत्रात निमिषने जादा राखण घातली आहे. स्टॅक म्हणजे प्रोग्रॅमची कच्च्या आकडेमोडीची पाटी. बाहेरचा लबाड तिच्यावर स्वतःच्या आज्ञा लिहून यंत्राकडून हवं ते करून घेऊ शकतो. म्हणून नियम — पाटीवरची आज्ञा कोणी पाळू लागला की प्रोग्रॅम तिथेच बंद. यंत्राच्या नोंदीतही हेच कारण आहे.
पण नीलिमा कशाला पाटीवर आज्ञा लिहील?

१२ नोव्हेंबर
तिला शेजारी बसवून ओळ न् ओळ वाचली. यादी लावणाऱ्या फंक्शनच्या, म्हणजे एकेका कामाच्या तुकड्याच्या, पोटात आणखी एक फंक्शन! क्लासात आधी पास्कल भाषा शिकली, तिथे ही रीतच. तीच सवय सी भाषेत आणली. लिखाण यंत्राच्या भाषेत उतरवणारा आमचा कंपायलर हरकत घेत नाही. त्या आतल्या फंक्शनसाठी गुपचूप पाटीवर दोन-चार आज्ञा लिहून ठेवतो. तिला ठाऊक नव्हतं. मलाही. काय गंमत आहे!

१३ नोव्हेंबर
डॉक्टर म्हणतात, राखणच काढा, विषय संपला. निमिष तयार. मुलीची नोकरीही वाचली असती. तीच अडून बसली — "नको मॅडम. माझ्या चुकीपायी दार उघडं टाकायचं व्हय? उद्यापर्यंत द्या."
वेळ दिला. रागावण्यासारखं काही सापडलं नाही.

१४ नोव्हेंबर
आतलं फंक्शन बाहेर काढलं. यादी लागली. डॉक्टर नुसतंच "बघू" म्हणाले.

१९ नोव्हेंबर
नोंदीत पुन्हा तोच संदेश! नाव वाचलं — नीलिमाचा प्रोग्रॅम नव्हे. फोनची लाईन जोडल्यावर बाहेरून ई-मेल घेणारा. निमिष म्हणाला, कोणीतरी खरंच आत शिरत होतं, राखणीने अडवलं.
डॉक्टरांनी विचारलं, राखण कोणी काढू दिली नाही?
मी नीलिमाच्या पक्क्या नोकरीचा कागद सहीसाठी त्यांच्यापुढे ठेवला.