चौदा ओळी

४ जून

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

शाळेच्या हॉलमधली गाण्याची तालीम आठवते तुला? मी दुसरीत, तू सहावीत. मी करंगळी वर केली आणि सिस्टरांनी नुसती मान हलवली, म्हणजे तालीम संपेपर्यंत नाही. मी पाय जुळवून उभी, डोळ्यांत पाणी. तेवढ्यात मागच्या रांगेतून तुझी करंगळी वर गेली. तुला घाईची लागली आहे आणि एकटीला जायची भीती वाटते, म्हणून धाकटीला सोबत न्यायला हवी, असं तू सांगितलंस. सहावीतली घोडी! अख्खा हॉल हसला. पुढे वर्षभर मुली तुला ‘करंगळी’ म्हणत होत्या आणि तू घरी एक अक्षर बोलली नाहीस.

मोठेपणी मीही सिस्टर झाले, पण शाळेतली नव्हे, दवाखान्यातली. अकरा वर्षं लघवीच्या विकारांच्या विभागात इतरांच्या करंगळ्या मोजते आहे. आता आमच्या मोठ्या डॉक्टरांनी साठीपुढच्या बायकांना आणि पुरुषांना, दोघांनाही चालेल अशी प्रश्नावली करायला सांगितली आहे. दुसऱ्या डॉक्टरांना नाही, मला! किती वेळा जावं लागतं, घाई होते का, कपडे ओले होतात का, धार अडते का, आणि या सगळ्याचा त्रास किती, शून्यापासून पाचापर्यंत. सोबत तीन दिवसांची नोंदवही. भांड्यात मापून लिहायची.

मसुदा आणि मापाचं भांडं पाठवते आहे. तीस वर्षं तू छापखान्यात प्रुफं तपासलीस, तेव्हा तुझं लाल पेन फिरल्याशिवाय मी तो छापणार नाही. तू आणि भावजी एकेक प्रत नमुना म्हणून भरूनही पाठवा.

वीस सप्टेंबरला हे काम मी दवाखान्याच्या सभागृहात मांडणार आहे. मागे दोनदा बोलावलं, दोन्ही वेळा तुझे गुडघे आडवे आले. या वेळी त्यांना घेऊनच ये.

माया आहे तशीच राहू दे. ती मोजायला आमच्याकडे भांडं नाही.

तुझी
धाकटी

१५ जून

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मसुदा मिळाला. तुझं ऱ्हस्व-दीर्घ अजून दुसरीतच आहे. सोळा चुका लाल केल्या आहेत. भांड्यावरचे आकडे फार बारीक आहेत, ते ठसठशीत हवेत. नोंदवहीत एका दिवसाला आठच ओळी दिल्या आहेस, त्या पुरणार नाहीत, चौदा कर. ‘मूत्रविसर्जन’ काढून ‘लघवी’ लिही. लोकांना ती होते, विसर्जन नाही.

पण हे तू केलंस, या विचाराने कागद हातात धरून मी कितीतरी वेळ बसले होते. शेजारणीलाही दाखवला. तिने विषय बघून तोंडाला पदर लावला, तेव्हा मी तिला सांगितलं की माझ्या बहिणीचं हसू नाही, कौतुक होतं या कामाचं.

आमचे दोघांचे नमुने सोबत आहेत. दोघांनाही त्रास शून्य. सभेचं मात्र धरून चालू नकोस. तीन तासांचा बसप्रवास, त्यात गुडघे, शिवाय यांच्या जेवणाच्या वेळा. मी इथूनच टाळ्या वाजवीन, तुला ऐकू येतील.

लोभ वाढवून ठेव, मी कधीतरी मागायला येईन.

तुझी
ताई

१ जुलै

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काम अडलं आहे. पहिल्या साठ जणांकडून प्रश्नावली भरून घेतली. घाई आहे, ओलं होतं, सारखं जावं लागतं, सगळं लिहितात, आणि शेवटी त्रास किती या प्रश्नाला त्रेचाळीस जणांनी शून्य लिहिलं आहे. एका आजींनी तर ओल्या पातळाची घडी माझ्यासमोर पिशवीत घातली आणि शून्यावर खूण केली. डॉक्टर म्हणाले, प्रश्न निरुपयोगी आहे, काढून टाका. तो काढला तर माझ्या प्रश्नावलीत उरेल फक्त लघवी. माणूस राहणारच नाही त्यात.

आता रागावू नकोस. तुझा नमुना पुन्हा काढून बघितला. सगळीकडे शून्य. पण ताई, जिला काहीच होत नाही तिला दिवसाला चौदा ओळी कशाला लागतात? तीस वर्षांत तुझ्या हातून एवढी एकच चूक सुटली असेल.

गुडघे नव्हतेच ना? माझ्या घरभरणीलाही नव्हते?

हॉलमध्ये तू माझ्यासाठी करंगळी वर केलीस. आता एकदा स्वतःसाठी कर. इथे हसणारं कुणी नाही.

वाट बघणारी
धाकटी

९ जुलै

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी चिडले, मग रडले, मग चहा ठेवला. तोही अर्धा कपच, कारण पूर्ण कप मी तीन वर्षांत घेतलेला नाही.

चौदाच वेळा. शिंक आली की वेगळं. कुठल्याही घरी गेले की आधी दार हेरते, खुर्ची दाराजवळचीच. जिथे ती मिळण्याची खात्री नाही, तिथे जातच नाही. तुझ्या घरभरणीला नवी साडी नेसून बसथांब्यापर्यंत आले होते आणि परत फिरले. यांना सांगितलं, गुडघे.

तरी मी शून्य लिहिलं ते खोटं म्हणून नव्हे, हे नीट समजून घे. आपल्या पिढीच्या तोंडी ‘त्रास’ म्हणजे आपण दुसऱ्याला देतो तो. कुणाला त्रास नको म्हणतच आम्ही म्हातारे झालो. मी गुपचूप उठते, गुपचूप धुते, कुणाला पत्ता नाही. मग त्रास शून्यच की! चूक माणसांची नाही, शब्दाची आहे. तो खोड. त्याऐवजी विचार: ‘या लघवीपायी तुम्ही काय करायचं सोडलंत?’ बघ कागद पुरतो का.

यांचं शून्यही तपासून घे. न्हाणीघरात वर्तमानपत्र घेऊन वीस मिनिटं उभे असतात आणि बाहेर येऊन म्हणतात, बातम्या फार होत्या.

तुझी
करंगळी

२८ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद पुरला नाही! एका निवृत्त टपालवाल्यांनी मित्रांबरोबर फिरणं सोडलं होतं. एका गाण्याच्या बाईंनी शिकवणी सोडली होती, कारण वरचा सूर लावायची भीती. एका आजोबांनी नातीला मांडीवर घेणं सोडलं होतं. ते लिहिताना त्यांनी पेन दोनदा खाली ठेवलं. दीडशे प्रश्नावल्यांपैकी तो रकाना कोरा सोडणारे फक्त सहा निघाले. डॉक्टरांनी सगळ्यांसमोर विचारलं, हा प्रश्न कुणी सुचवला. मी म्हटलं, माझ्या ताईने, जिच्या लाल पेनाला छापखान्याचा मालकसुद्धा घाबरायचा. माझी मान ताठ होती.

माझ्या आग्रहावरून तू तिथल्या डॉक्टरीणबाईंना दाखवलंस, त्यांनी सांगितलेले व्यायाम चालू आहेत ना? नोंदवहीचं काय झालं ते आकड्यात कळव, ‘बरं आहे’ चालणार नाही.

सभागृहात तुझ्यासाठी दाराजवळची खुर्ची राखून ठेवते. बस वाटेत दोनदा थांबते, चालकाशी मी बोलले आहे.

तुझी
धाकटी

५ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आकड्यात सांगायचं तर चौदाच्या नऊ ओळी झाल्या. काल शिंकले आणि काहीही झालं नाही. मी घरभर सांगत सुटले, हे म्हणाले, शिंकेचं एवढं कौतुक पहिल्यांदाच बघतो आहे.

वीस तारखेला आम्ही दोघं येतो आहोत. पुढचं नीट वाचून ठेव, ऐनवेळी घोळ नको.

मी आणते आहे ते लाल पेन तुला. छापखान्यातलं शेवटचं आहे, जपून वापर. मसुद्याची लाल केलेली प्रत तुझ्या डॉक्टरांना, ‘विसर्जना’वर खूण करून. आठ ओळींची जुनी नोंदवही शेजारणीला दे. ती बरोबर येते आहे, का ते विचारू नकोस, हळूच दे. घरभरणीची साडी मी नेसून येणार, ती कुणालाच नाही.

पहिल्या रांगेतली मधोमधची खुर्ची मला. तू बोलत असताना मला तुझं तोंड दिसायला हवं.

दाराजवळची तुझ्या भावजींना. ते म्हणतील, त्रास शून्य. तरी त्यांनाच दे.

तुझी
ताई