शंभर मीटर आणि मागचा वारा

१३ जानेवारी, सकाळ.
संकल्प. सव्वीस तारखेला नेरच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात 'जगातली सर्वांत मोठी धाव' यावर बोलायचं. शेवटी पहिला नंबर जाहीर करायचा. म्हणजे माझा. कुंदाला सांगितलं. ती म्हणाली, आधी गॅसचा नंबर लावा.

१५ जानेवारी.
अभ्यास जोरात. बोल्ट, बर्लिन, २००९: ९.५८. बरा आहे. पण पायात स्पाइक्स, खाली गुळगुळीत ट्रॅक. ओवेन्स, बर्लिन, १९३६: १०.३, तेही राखेच्या ट्रॅकवर. हा आपल्यातला. मी, १९७२, गावचा शंकरपट: ९.४. बैलजोड्या घड्याळावर पळतात त्याच पट्टीवर, अनवाणी, पायजम्यात. आकडा लाउडस्पीकरवर पुकारला होता. शेवटची झेप अशी, की पब्लिक उभी राह्यली.
पट्टी शंभर मीटरची धरली आहे.

१८ जानेवारी.
ग्रिफिथ-जॉयनर, १९८८: १०.४९. वाऱ्याचं मीटर शून्य दाखवत होतं, पण जाणकारांना अजून शंका आहे. मागून वारा जास्त असला की विक्रम धरत नाहीत. मी त्याहून कडक. मागून कसलीही मदत असेल तर नाव कट. चार्टवर लाल पेनानं लिहिलं.

२० जानेवारी.
भाषणाआधी थोडं धावूनही दाखवावं. उद्यापासून सराव.

२१ जानेवारी.
गुडघा. भाषणाला गुडघा लागत नाही.

२४ जानेवारी.
तांड्यावरचा देवीलाल भेटला. त्या पटात त्याची जोडी होती. साक्षीदार म्हणून बोलावलं. बराच वेळ हसला. म्हणाला, मी तं येतोच भाऊ, लालीबाईलेबी आणतो. दोस्त असावा तर असा.

२६ जानेवारी, संध्याकाळ.
भाषण उत्तम झालं, लाल नियमापर्यंत. मग देवीलाल उठला. म्हणे, घडी माह्या जोडीसाठी दाबली होती. यज्ञेश्वरभाऊ जिलबीचा पुडा घेऊन पट्टी ओलांडून राह्यले होते. मागून बैल दिसले, तसे सरळ पळत सुटले. त्याची बायको लालीबाई म्हणाली, अन् बाभळीवर चढले, पण पुडा नाही सोडला.
कुंदा सगळ्यांत जोरात हसली.
'कसलीही मदत' यात बैल येतात का, यावर हात वर केले. येतात. विरोधात एक हात.

२७ जानेवारी.
चार्ट घरी आला. माझं नाव कट, तिथं देवीलालचे बैल. कुंदानं तो डब्यांखाली अंथरला.
बाभळीवर चढण्याचा विक्रम कोणाचा आहे, पाहिलं पाहिजे. चढताना मागून काही मदत नव्हती. बैल खालीच राह्यले.
कुंदा म्हणते, उतरवायला शिडी कोणी आणली तेही लिहा.
देवीलालनं.