बिनपायरीची जीप

शुक्रवार पेठ, सोलापूर
८ फेब्रुवारी २०२५

चि. अभिमन्यू,

आशीर्वाद लिहायची रीत आहे, म्हणून लिहिते. आमचं बरं चाललंय. मुलांच्या परीक्षा तोंडावर आल्यात. ऑपरेशननंतर आई माझ्याकडं आली, तशी जरा सावरली आहे. फोनवर तुला काही बोललं की ती पलंगावरून तुझी बाजू घेऊन भांडते, म्हणून हे पत्र.

तू पाठवलेला कागद मिळाला. आप्पांच्या माघारी त्यांची जीप तुझ्या नावावर करायला माझी संमती पाहिजे. सोबत जीपचे फोटोही पाठवलेस, शाबास! हातभर उंच केलेली गाडी, ट्रॅक्टरला शोभतील असले टायर, पुढं चिखलातून गाडी ओढायचं विंच, टपावर दिव्यांची रांग. मैंदर्गीच्या काळ्या रानात तू कोणता डोंगर चढणार आहेस रे? आप्पा त्याच जीपला फोर व्हील टाकून भर पावसात आईला चिखलातून रस्त्यावर आणायचे, तेही तोंडातलं पान न थुंकता.

आईसाठी आप्पांनी जोडून घेतलेली लोखंडी पायरी तू कापलीस. खडकाला लागते म्हणे. गॅरेजवाले खाजाभाई परवा बाजारात भेटले, मला म्हणाले, "आपा, मैं बोल्या था भैया कू, अम्मा कैसे चढिंगे?" तू काय उत्तर दिलंस ते त्यांनी सांगितलं नाही. भला माणूस आहे.

येळवशीच्या पूजेला आई शेतात घसरून पडली, असं सगळ्या भावकीला माहीत आहे. तिनंच तसं सांगितलं. डॉक्टरांनाही तेच. खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तू मान खाली घालून उभा होतास. मला वाटलं, पोराला किती वाईट वाटतंय!

या सोमवारी व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी तिला लाकडी ठोकळ्यावर पाय ठेवायला सांगितला. आईनं डावा हात कमरेशी वळवला, आंबिलीनं भरलेली बिंदगी कडेवर धरल्यासारखा. तुला ठाऊक आहे, येळवशीला घरातून निघालेली बिंदगी शेतात पूजा होईपर्यंत ती खाली ठेवत नाही. उजव्या हातानं हवेत काहीतरी चाचपलं आणि माहेरच्या कन्नडात ओरडली, "निल्लो, अभ्या! थांब की रं, मी चडले न्हाय अजून!"

मग माझ्याकडं बघून रडायला लागली. "त्याला बोलू नगं. त्याचं ध्यान मोबाइलात हुतं."

व्हिडिओ काढत होतास ना? आई एका हातानं त्या उंच गाडीत चढत होती आणि तू गाडी पुढं सोडलीस. वर तिला तुझ्यासाठी खोटं बोलू दिलंस. लाज कशी वाटली नाही? मला तुझा राग येतो, अभ्या. इतका की तुझा फोटो बघवत नाही.

सही करायचीच नाही असं ठरवलं होतं. कागद फाडणारच होते. आईनं तो हातातून काढून घेतला आणि पेन पुढं केलं. म्हणाली, "कर की सही. त्याचा लई जीव हाय त्या गाडीवर."

केली. कागद सोबत आहे. आईला मात्र मी मैंदर्गीला पाठवणार नाही, आणि तिला न्यायला तू येऊ नकोस. गाडी तुझी झाली. आई माझी.

यापुढं अक्का म्हणू नकोस.

वैजयंती