तोंडाने म्हटलं तर काय होतं

३ मार्च

खून! टोबीवर खुनाचा आरोप ठेवलाय. कुणाच्या? वेंडेलच्या – सख्ख्या भावाच्या! गोळी झाडली म्हाताऱ्या हास्केलने, स्वतःच्या स्वयंपाकघरात उभं राहून; वेंडेल चोरी करायला आत शिरला होता. माझा टोबी मागच्या खिडकीबाहेर रिकामी पिशवी धरून उभा होता.

हास्केलच्या अंगणात बोट नव्हती. म्हणून दोघांना वाटलं, म्हातारा मासे धरायला गेलाय. इकडे सगळे असंच ओळखतात, घरात कोण आहे नि कोण नाही ते. आणि मेल्याने बोट मेहुण्याला दिलेली!

आमची वकील, प्रुइट बाई, समजावत होती – "चोरीला घुसलात आणि त्यात कुणी मेलं, तर तो खून तुमच्या माथी. गोळी कुणाची का असेना."

"बाई, हा कुठला न्याय?"

"फ्लोरिडाचा," म्हणाली.

९ मार्च

सरकारी वकिलांच्या ऑफिसातून एक पोरगी आली. गोड बोलणारी. "मृताची आई म्हणून तुमचं दुःख कोर्टात सांगा." म्हटलं, आणि आरोपीच्या आईने कुठे बसायचं ग? बिचारी चहा न पिताच गेली.

२२ एप्रिल

सरकारी वकील म्हणतात, खून कबूल केला तर पंधरा वर्षं. खटला लढवला नि हरलो तर जन्मठेप. जज्जसाहेबांची अट एकच – पोराने स्वतःच्या तोंडाने म्हणायचं.

टोबी तुरुंगातल्या काचेपलीकडून म्हणाला, "चोरी केली असं शंभरदा म्हणेन. वेंडेलला मारलं, हे नाही म्हणणार. आई, तो मला म्हणाला होता ग – तू बाहेरच थांब, लहान आहेस. त्याचा मी खून करीन?"

२९ एप्रिल

पुन्हा नाहीच म्हणाला. गाढव! बापावर गेलाय.

६ मे

आज ओरडले त्याच्यावर. एकाला पुरलं, आता दुसऱ्याला जिवंतपणी पुरू का? "नुसते शब्द आहेत रे! तोंडाने म्हटलं तर काय होतं? खरं काय ते देवाला ठाऊक आहे."

मग म्हणवून घेतलं. लहानपणी प्रार्थना पाठ करून घ्यायचे, तसंच. तो म्हणे, "माझ्यामुळे वेंडेल मेला." म्हटलं, असं नाही चालायचं. 'मी मारलं' म्हण. पुन्हा म्हण. रडत रडत म्हणाला शेवटी.

१४ मे

म्हणाला! जज्ज म्हणाले, "मोठ्याने." मग मोठ्याने म्हणाला. मला मृताच्या नातेवाइकांच्या बाकावर बसवलं होतं, त्यामुळे त्याची पाठच दिसली. पंधरा वर्षं. जन्मठेप टळली – देवा, तुझे उपकार! घरी येऊन पोटभर जेवले. लाज वाटली, पण जेवले.

२ नोव्हेंबर

वेंडेलचा वाढदिवस. टोबीचा तुरुंगातून फोन आला.

"आई, मी त्याला मारलं. तू मला माफ केलंस का?"

म्हटलं, वेड्या, ते नुसते शब्द होते! तूच नव्हतं का सांगितलंस, वेंडेल तुला बाहेरच थांब म्हणाला म्हणून?

तो म्हणाला, "असं कधी म्हणाला तो?"