व्हायोलिनमधले मास्तर

४ जून
व्हायोलिन खाकरतं!
वेड लागलेलं नाही. सकाळी भाची दुकानात वाजवत होती. एक सूर किंचित उतरला – आणि लाकडाच्या आतून म्हाताऱ्या माणसाचं खाकरणं. भंगारातली वाद्यं जोडत जोडत मी हे दुकान उभं केलंय. तडा, वाळवी, सैल खुंटी – सगळं कानानं ओळखतो. हे त्यातलं नाही.
भाची म्हणाली, "तुला आत्ता ऐकू आलं? मला कधीपासून येतंय. मास्तर आहेत. वारलेत."
जशी काही पाहुण्यांची ओळख करून देतेय!

५ जून
खाकरण्यावर भागलं असतं तर चाललं असतं. आता मास्तर तिची बोटंच सरकवतात. तिची आई, माझी ताई, खूश – "अरे, काय वाजवते रे पोरगी! संगीत विद्यालयात डोळे झाकून घेतील." प्रवेशाची चाचणी चार दिवसांवर. पोरगी मात्र रडकुंडीला.
"मामा, मला चुकताच येत नाही. निवड झाली तर ती कोणाची? त्यांचीच ना?"
"मग दुसरं व्हायोलिन घे."
"घेतलं. तिकडेही आले."
पोरगी पंधरा वर्षांची. मी खरेदीची वही काढली – हे व्हायोलिन विकलं कोणी?

७ जून
ज्यांनी हे व्हायोलिन मला विकलं त्या बाईंकडे गेलो – मास्तरांच्या पत्नी. म्हटलं, "बाई, वाद्याबरोबर तुमचे यजमानही आलेत. परत घेता का?"
बाई दचकल्याही नाहीत! "जन्मभर सोसलंय हो मी. आणि 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' – ही पाटी तुमच्याच दुकानात ना?"
माझीच काठी, माझीच पाठ!
निघताना मात्र दया आली त्यांना. "बेसूर वाजवा. ह्यांना ते सोसत नसे. शेजारचा माणूस शिकायला लागला, तर आम्ही घर बदललं."

८ जून
भाचीला मास्तर बेसूर वाजवूच देईनात. शेवटी म्हणाली, "मामा, तू वाजव."
देवानं मला कान दिले, हात द्यायला विसरला. आयुष्यभर व्हायोलिनं दुरुस्त केली. वाजवलं कधी नाही – माझं मलाच ऐकवत नाही. पण आज गज धरला, आणि काय सांगू! गाढव बरं. समोरच्या शिंप्यानं भरदुपारी शटर ओढलं. आतून आधी खाकरणं, मग खोकला, मग चक्क कण्हणं. मी थांबतोय होय! कान ठणकेपर्यंत खरवडलं.
एकदम शांत.
भाचीनं व्हायोलिन घेतलं. वाजवलं. चुकली. चुकली!! आणि गळ्यातच पडली माझ्या.

९ जून
चाचणी. मी दाराबाहेर. मध्येच अडखळली – माझा जीव टांगणीला – मग सावरली, आणि पुढे जे वाजवलं ते मास्तरांच्या बापालाही जमलं नसतं. बाहेर आली ती उड्या मारत. "मामा, दोनदा चुकले! तरी घेतलं!"
ताईला कळेना, पोरगी नक्की कशाला हसतेय.

११ जून
भाचीला हसवायला त्या दिवशीचं गाढव पुन्हा काढायला गेलो. जमेना! एकेक सूर जागच्या जागी. बोट वाकडं टाकलं की कोणीतरी हळूच सरळ करतं. पोरीचं हसू मावळलं.
आणि मी खाकरलो. मी नव्हे.