उजव्या पायाचा गिअर

प्रिय प्रभुअण्णा,

गाडी सुरू झाली. अप्पांनी तुला फोनवर सांगितलंच असेल, आणि सांगताना आवाज खाली घेतला असेल. या घरात त्या गाडीबद्दल सगळेच हळू बोलतात. मी आता ते सोडलं आहे, म्हणून हे पत्र नीट बसून वाच.

फोटो-पंचनामे होऊन कोर्टानं गाडी सोडली, तेव्हा अप्पा ती भंगारात घालणार होते. पुढचा फोर्क मुडपलेला, टाकी चेपलेली, हँडल भलतीकडे वळलेलं. मी म्हणाले, माझा पाय हिच्याखाली गेलाय, गाडी माझी. अव्वा रडली. तिला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. झाला असेल. गुडघ्याखाली खोटा पाय बांधून रोज जिना उतरणाऱ्या बाईच्या डोक्यावर काहीच परिणाम होऊ नये, ही अपेक्षा तूच करू शकतोस.

टाकी अक्कलकोटच्या एका गॅरेजात मिळाली, लाल रंगाची. ती लालच ठेवली. फोर्क दुसऱ्या एका अपघातातल्या गाडीचा. भंगारवाल्यानं तो देताना, "ह्याचा मालक वाचला बरं का ताई," असं आपणहून सांगितलं. इंजिन तेवढं जुनंच. ते मी स्वतः उघडलं, धुतलं, जोडलं. तू शिकवलेलं सगळं हाताला आठवत होतं. तू चांगला शिकवायचास. क्लच दाबायला विसरले तरी कधी ओरडला नाहीस. हे आठवलं की मला जास्तच राग येतो.

अडलं ते गिअरपाशी. गिअर डाव्या पायाला, आणि तोच पाय नाही. इंजिनाखालून आडवा दांडा टाकून गिअर उजव्या पायाला आणायचा आणि मागचा ब्रेक हँडलवर घ्यायचा, एवढं मला कळत होतं. पण तसला दांडा विकत मिळत नाही, घडवून घ्यावा लागतो. चिंचोळी एमआयडीसीत बिभीषण नावाचा एक वेल्डर असली कामं करतो असं कळलं, म्हणून टेंपोत गाडी घालून त्याच्याकडे गेले. त्यानं गाडीचा नंबर पाहिला आणि हातमोजे काढून ठेवले. म्हणाला, "ह्या गाडीनं माझ्या बापाला लोळवलंय. तुमाला चालवता येत न्हाय, तर परत कशाला बसताय?"

तो धुळामामांचा मुलगा. रस्त्याच्या कडेनं मेंढ्या घेऊन चाललेल्या ज्या म्हाताऱ्याला आपण उडवलं, त्यांचा.

आपण कसलं? तू उडवलंस. अक्कलकोटहून येताना एका हातात फोन धरून तू गाडी चालवत होतास. मी मागून म्हणत होते, अण्णा, फोन ठेव. मग दवाखान्यात शुद्धीवर आले, तोवर तुमचं सगळं ठरून गेलं होतं. गाडी काव्या चालवत होती. तुझं नाव सरकारी नोकरीच्या यादीत लागलं होतं ना, केस झाली असती तर ते गेलं असतं. अप्पा खाटेशी वाकून म्हणाले, "सुम्निरु काव्या, गप्प राहा. तुझं काय, तू घरातच असणार." तू दारात उभा होतास, कपाळाला एवढीशी पट्टी लावून. पायासाठी मी रडले, ते रडणं संपलं. पण 'पोरीच्या हातात गाडी दिली की हेच होणार' असं मी गल्लीत ऐकलं, लग्नाकार्यात ऐकलं, सख्ख्या मावशीकडून ऐकलं. आणि तू पेढे वाटलेस.

बिभीषणला मी तिथंच खरं काय ते सांगितलं. वाटलं, हाकलून देईल. तो मला घरी घेऊन गेला. धुळामामा बाजेवर बसले होते, मांडीचं हाड मोडल्यापासून काठीशिवाय उठता येत नाही त्यांना. माझ्याकडे बघून म्हणाले, "व्हय, हीच ती पोरगी. मागं बसली व्हती. मी तवाच सांगितलं की. लिवून घेणारा पोलीस म्हनला, म्हातारं डोक्यावर पडलंय. ह्या पोरालाबी तेच पटलं." त्यांच्या बायकोनं, केराबाईंनी, माझ्या हातात ताकाचा तांब्या दिला. अण्णा, ज्यांच्या घरादाराची तू दैना केलीस त्यांनी मला बसवून घेतलं, आणि माझ्या घरात मला खोटं पाठ करायला लावलं. दांडा बिभीषणनं त्याच आठवड्यात करून दिला.

आता हे का लिहितेय ते सांगते. येत्या सोमवारी कोर्टात तारीख आहे. वकील म्हणतात, गुन्हा कबूल कर, लगेच मिटेल. अप्पा रोज तेच म्हणतात, कारण तुझं लग्न ठरतंय. मी कबूल करणार नाही. गाडी कोण चालवत होतं ते मी सांगणार, आणि धुळामामाही सांगणार. तुला हे परस्पर कळू नये म्हणून आधी कळवतेय. तू माझ्यासाठी एवढंही केलं नव्हतंस. तुला येऊन स्वतःच्या तोंडानं सांगायचं असेल तर ये. माफ करशील का, असं मात्र विचारू नकोस. आरटीओनं गाडी पास केली आहे, तेव्हा कोर्टात मी तिच्यावरूनच जाणार. धुळामामा मागे बसायचं म्हणतात. मी विचारलं, मामा, याच गाडीवर बसायची भीती नाही वाटत? म्हणाले, "चालवनारी तू हाईस की."

नाइलाजानं का होईना, तुझीच बहीण,
काव्या