अप्पांनी राखून ठेवलेला शब्द

प्रिय अप्पा,

उद्या तुमचं तेरावं. श्रीधरने तुमचा फोटो मोठा करून आणलाय आणि खाली इंग्रजीत एक ओळ लिहायचं काम माझ्या गळ्यात घातलंय. त्याने स्वतः काय सुचवलं माहितेय? 'व्हेरी व्हेरी काइंड मॅन'! इंग्रजीच्या मास्तरांचा मुलगा, आणि ही तऱ्हा. मी म्हटलं, अप्पा फोटोतून हात काढून कान पिळतील. शेवटी ठरवलं, तुम्हालाच विचारावं.

साताऱ्याहून तमिळ मुलखात, आवडी नावाच्या गावी सून म्हणून आले तेव्हा माझ्या इंग्रजीचा आनंदच होता. तमिळ शून्य, आणि तुमची तंजावरी मराठीही निम्मी डोक्यावरून जायची. 'इकडें बस गे,' म्हणत तुम्ही रोज संध्याकाळी कॉफीचा पेला पुढे ठेवायचात आणि जुन्या इंग्रजी गद्याचं एक पान मोठ्याने वाचून घ्यायचात. सुनेचे असे लाड कुठला सासरा करतो?

त्या पानांत कुणी नुसतं 'व्हेरी ग्लॅड' नसायचं. 'एक्सीडिंग ग्लॅड' असायचं, म्हणजे आनंद काठाबाहेर गेलेला. 'वंडरस काइंड' म्हणजे इतका मायाळू की बघणाऱ्याने थक्क व्हावं. जुने लोक जोर द्यायलासुद्धा भरलेला शब्द घ्यायचे, असं तुम्ही सांगायचात. आपण आपले सांबारात पाणी ओतावं तसं 'व्हेरी' ओततो. त्या बिचाऱ्याचाही अर्थ एकेकाळी 'खराखुरा' असा होता म्हणे, वापरून वापरून झिजला. हे सांगताना तुम्हाला त्या शब्दाची खरीच कीव यायची.

मग शोळिंगनल्लूरला नोकरी लागली आणि पहिल्याच महिन्यात मी परदेशी ग्राहकाला लिहून बसले, 'वी आर एक्सीडिंग सॉरी.' मॅनेजरने कपाळाला हात लावला. तुम्ही मात्र पोट धरून हसलात, आणि संध्याकाळपर्यंत अख्ख्या गल्लीला सांगून आलात. इतकं कौतुक माझ्या पहिल्या पगाराचंही झालं नव्हतं.

माझ्या पिठल्याला मात्र इतक्या वर्षांत 'बरें आहे'च्या वर एक शब्द मिळाला नाही. त्याचा राग अजून आहे हं, अप्पा.

आणि एक शब्द तुम्ही कुलपात ठेवल्यासारखा जपलात. 'सोअर.' त्याचा मूळ अर्थ दुखरा. 'सोअर अफ्रेड' म्हणजे जिवाला दुखेल इतका भ्यालेला. खरंच दुखल्याशिवाय तो घरात कुणी वापरायचा नाही, असा तुमचा दंडक. गुडघ्यांनी रडवलं तेव्हाही तुम्ही तो काढला नाहीत. हॉस्पिटलात डॉक्टरांनी किती दुखतंय विचारलं, तर त्यांनाही 'कोंजम्', थोडंसं, एवढंच म्हणालात.

त्याच दिवशी मी स्वयंपाकाला घरी निघाले होते. तुम्ही मनगट धरलंत.

"तूं गेलीस कीं आय ॲम सोअर लोन्ली गे."

मी पिशवी खाली ठेवली आणि परत स्टुलावर बसले. पिठल्याचा राग तिथेच संपायला हवा होता, पण थोडा ठेवलाय. तुमच्याशी भांडायला काहीतरी हवंच ना?

तर अप्पा, ओळ ठरली. 'अ काइंड मॅन.' मागेपुढे काही नाही. विशेषण खरं असलं की त्याला काठी लागत नाही, हे तुम्हीच शिकवलंत. श्रीधर कुरकुरेल, मी बघून घेईन.

संध्याकाळचं पान मी मोठ्याने वाचत राहीन, ऐकायला कुणी असो वा नसो. आणि तुमचा तो शब्द कुठेही उधळणार नाही, हे वचन. आज एकदाच वापरते, तुमच्या नियमात बसतो म्हणून. कॉफी झाली आहे, समोर तुमची खुर्ची रिकामी आहे, आणि आय ॲम सोअर लोन्ली, अप्पा.

तुमची सून,
सुमेधा